बंद गीझर आणि बिचारी इस्त्री

सकाळी सात दहाला मी इस्त्रीचं बटण दाबलं आणि अख्खं घर गप्प झालं. पंखा मंदावत थांबला, फ्रिजची घरघर बंद पडली आणि आतून सासूबाईंचा आवाज आला, "पडला गं पुन्हा!"

त्या आठवड्यातली ही चौथी खेप. पहिल्या दोन वेळी मी डीबीचं (घरातल्या खटक्यांच्या पेटीचं) झाकण उघडून पडलेला खटका वर केला आणि कामाला लागले. तिसऱ्या वेळी इस्त्रीवर संशय घेतला. चौथ्या वेळी तिला गुन्हेगार ठरवून कपाटावर टाकली आणि दुसरी विकत आणायचं मनात पक्कं केलं. दुपारी चहासाठी इलेक्ट्रिक किटली लावली आणि घर पुन्हा गप्प. आता किटली पण बिघडली?

सासूबाईंना कशाचीही नोंद ठेवायची सवय आहे. भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकटीत त्या बारीक अक्षरात लिहीत होत्या: "इस्त्री, ७.१०", "किटली, ३.४०". मला तेव्हा त्याचं हसू आलं होतं. पुढे सगळा उलगडा त्याच चौकटींमुळे झाला.

सुरुवातीला मी कुठे चुकले ते आधी सांगते, कारण ही चूक बऱ्याच घरांत होत असावी. मी समजत होते की घरावर लोड जास्त होतोय. जड उपकरण लावलं की खटका पडतो, म्हणजे लोड, असा सरळ हिशोब. पण पडत होता तो एमसीबी नव्हता. डीबीत डाव्या बाजूला जो रुंद खटका असतो, ज्यावर 'टी' लिहिलेलं छोटं बटण असतं, तो आरसीसीबी पडत होता. लोड जास्त झाला म्हणून आरसीसीबी कधीच पडत नाही. ते त्याचं काम नव्हे.

एमसीबी बघतो तो फक्त तारेतून किती करंट जातोय ते. ठरलेल्यापेक्षा जास्त करंट बराच वेळ वाहिला की त्याच्या आतली दोन धातूंची पट्टी तापून वाकते आणि खटका सुटतो. शॉर्ट सर्किट झालं तर आतलं चुंबक क्षणात तो ओढून पाडतं. आरसीसीबीचा स्वभाव निराळा. किती गेला याच्याशी त्याला देणंघेणं नाही, गेलेला सगळा परत आला का एवढंच तो पाहतो. फेजची (वीज घेऊन येणारी) आणि न्यूट्रलची (ती परत नेणारी) तार त्याच्या आत एकाच लोखंडी कड्यातून जाते. फेजमधून चार ॲम्पिअर गेले आणि न्यूट्रलमधून चारच परत आले, तर कड्यात दोघांचा परिणाम एकमेकांना खाऊन टाकतो आणि खटका शांत राहतो. थोडा करंट दुसऱ्याच वाटेने जमिनीत गेला, तर जमाखर्च जुळत नाही आणि तो पडतो. आमच्या आरसीसीबीवर ३० मिलिॲम्पिअर लिहिलं होतं. एवढी गळती व्हायच्या आत त्याने पडायलाच हवं, कारण माणसाच्या अंगातून तेवढा करंट थोडा वेळ जरी गेला तरी हृदयाला धोका असतो.

म्हणजे कुठेतरी गळती होती. पण इस्त्रीतही आणि किटलीतही, एकाच आठवड्यात?

आमच्याकडे नेहमी येणाऱ्या वायरमनला बोलावलं. त्याने 'टी' बटण दाबलं, आरसीसीबी पडला. वर केला, इस्त्री लावली, पुन्हा पडला. तो म्हणाला, "ताई, हा फारच नाजूक आहे. बायपास करून टाकतो, कटकट जाईल." सासूबाई लगेच तयार झाल्या. खरं सांगायचं तर मीही अर्धी तयार होते. सलग चार दिवस घर अंधारात गेलं की शहाणपण पातळ होतं. पण 'टी' बटण दाबल्यावर तो नीट पडतोय हे मी नुकतंच डोळ्यांनी पाहिलं होतं. जो पहारेकरी हाक मारल्यावर ओ देतो, त्याला झोपाळू म्हणून घरी कसं पाठवायचं? "आज राहू दे" म्हणून मी वेळ मारून नेली आणि रात्री दादाला फोन लावला. माझा मोठा भाऊ आयुष्यभर कारखान्यात मेंटेनन्सला होता.

"काय काय लावल्यावर पडतो?" त्याने विचारलं.

मी कॅलेंडर वाचून दाखवलं. इस्त्री, इस्त्री, किटली, टोस्टर, पाण्याचा पंप, इस्त्री. आणि एक नोंद अशी की तिच्यावरून आम्हा सासूसुनेत वाद झाला होता: "पहाटे ३, कोणी काही लावलं नाही."

"आणि न पडता काय चालतं?"

"दिवे, पंखे, टीव्ही, मोबाइलचे चार्जर. सगळं चालतं."

तो थोडा वेळ काहीच बोलला नाही. मग म्हणाला, "उद्या सगळ्यांचे प्लग काढ. सगळ्यांचे. मग एकटी इस्त्री लाव आणि काय होतं ते सांग."

हे ऐकायला सोपं वाटतं. घरात किती प्लग असतात ते काढायला लागल्यावर कळतं. टीव्हीमागे धुळीत तीन, राउटरचा एक, फ्रिज पुढे ओढल्यावर त्याचा एक, आणि पलंगामागे एक चार्जर, ज्याचा फोन दोन वर्षांपूर्वीच गेला होता. सगळे काढले. गीझरला हात लावला नाही. उन्हाळा होता, महिनाभर कोणी तो चालवला नव्हता, त्याचं बटण बंद होतं आणि खबरदारी म्हणून मी डीबीतला त्याचा एमसीबीही खाली केला. इतक्या दोन कुलपांआड जे बंद आहे, ते काय करणार?

इस्त्री लावली. आरसीसीबी पडला.

घरात दुसरं काहीच लावलेलं नाही आणि तरी पडतोय, म्हणजे इस्त्रीच दोषी, असं मी ठरवून टाकलं. मग ड्रॉवरमधून मल्टीमीटर काढला. तो दादानेच कधीतरी दिला होता आणि त्याची बॅटरी, अर्थातच, संपली होती. शेजारून एक मागून आणली. इस्त्री पूर्ण थंड आणि प्लग बाहेर असताना पिना तपासल्या. फेज आणि न्यूट्रलच्या पिनांमध्ये ५३ ओहम. १००० वॅटच्या इस्त्रीला २३० व्होल्टवर एवढाच रोध हवा (व्होल्टचा वर्ग भागिले वॅट). अर्थच्या जाड पिनेपासून खालच्या लोखंडी पत्र्यापर्यंत जवळजवळ शून्य, म्हणजे अर्थिंगची तार शाबूत. आणि फेजपासून अर्थपर्यंत काहीच नाही, मीटर सर्वांत वरच्या रेंजवर नेला तरी कोरा. इस्त्री धुतल्या तांदळासारखी स्वच्छ होती. चोर सोडून मी संन्याशाला फाशी द्यायला निघाले होते.

दादाला फोन केला. "सगळे प्लग काढलेस ना?"

"सगळे. गीझर सोडून. पण त्याचं बटण बंद आहे, एमसीबी पण खाली आहे."

"मी बटण म्हणालो का?"

"अरे, पण..."

"प्लग म्हणालो. प्लग काढ."

स्टूल घेतलं, बाथरूममध्ये गीझरशेजारचा प्लग ओढून काढला, इस्त्री लावली. इस्त्री तापली. किटली लावली, तीही चालली. दोन्ही एकत्र लावली, टोस्टर लावला, पंप सुरू केला. आरसीसीबी ढिम्म हलला नाही. प्लग परत घातला, बटण बंदच ठेवलं, इस्त्री लावली: खटॅक.

मला त्या क्षणी आनंद झाला की राग आला, सांगता येणार नाही. एक बंद गीझर दुसऱ्या खोलीतल्या इस्त्रीला पाडतो, हे काही पटेना.

दादाने समजावलं ते मी कागदावर काढून समजून घेतलं. सॉकेटचं साधं बटण फक्त फेजची तार तोडतं. डीबीतला सिंगल पोल, म्हणजे एकच तार तोडणारा, एमसीबीही फक्त फेजच तोडतो. न्यूट्रल तशीच जोडलेली राहते, घरातल्या सगळ्या न्यूट्रल तारा एका पट्टीवर येतात आणि तिथून आरसीसीबीमधून बाहेर जातात. म्हणजे बटण 'बंद' असलं तरी गीझरचं एक टोक त्या सामाईक पट्टीला कायम चिकटलेलं असतं. आता गीझरच्या एलिमेंटमध्ये नेमक्या त्या न्यूट्रलच्या टोकाला बिघाड होऊन ते गीझरच्या धातूच्या अंगाला, म्हणजे अर्थिंगला टेकलं, तर न्यूट्रलच्या पट्टीला जमिनीत जायची एक चोरवाट मिळते.

पण मग ती सतत का पाडत नाही? कारण न्यूट्रलवर एरवी दाब, म्हणजे व्होल्टेज, जवळजवळ नसतो. पुरवठ्याच्या ठिकाणी ती जमिनीला जोडलेली असते, त्यामुळे घरातही ती शून्याच्या आसपासच असते. दिवे-पंख्यांचा अर्धा-एक ॲम्पिअर परत जातो तेव्हा तारेच्या रोधामुळे ती शून्यापासून किंचितच वर उचलली जाते. इस्त्रीचे चार-साडेचार ॲम्पिअर जायला लागले की ती एखाद्या व्होल्टने वर येते. चोरवाटेचा रोध पंचवीसेक ओहम धरा. एक व्होल्ट भागिले पंचवीस, म्हणजे ४० मिलिॲम्पिअर चोरवाटेने जमिनीत. इस्त्रीतून गेलेला करंट थेंब न थेंब परत निघालाच होता, पण त्यातला थोडा आरसीसीबीमधून न येता गीझरमार्गे पसार झाला. जमाखर्च चुकला, खटका पडला.

एवढं कळल्यावर कॅलेंडरवरची एकेक नोंद जागेवर बसत गेली. जड उपकरणंच पाडतात, कारण तीच न्यूट्रलला पुरेसं वर उचलतात. दिवे-पंखे पाडत नाहीत, कारण त्यांची तेवढी ताकद नाही. आणि पहाटे तीनचं भूत म्हणजे फ्रिज. चालू फ्रिज फारसा करंट घेत नाही, पण कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर त्याच्या कितीतरी पट ओढतो. आरसीसीबीला तो क्षण पुरतो. सासूबाईंना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "मी म्हटलं होतं ना, कोणी काही लावलं नव्हतं म्हणून." तो वाद त्या जिंकल्या.

मी आधी गीझरला टेस्टर लावून पाहिला होता, हेही सांगायला हवं. दिवा लागला नाही म्हणून गीझर निर्दोष, असं मानलं. स्क्रूड्रायव्हरसारखा तो टेस्टर चांगला दाब असेल तरच पेटतो. इथे प्रश्न एखाद्या व्होल्टचा होता, त्याला तो कळणारच नव्हता. उलट कधीकधी मेलेल्या तारेवर शेजारच्या तारेमुळे तो मिणमिणतो आणि भलतीच भीती घालतो. तेव्हापासून तार मेली आहे का हे ठरवायला मी मल्टीमीटरच वापरते, आणि तोही आधी एका जिवंत सॉकेटवर पारखून.

बाहेर काढलेल्या प्लगच्या पिनांवर मीटर लावला. फेज-न्यूट्रल २७ ओहम. २००० वॅटच्या एलिमेंटचा हिशोब साधारण साडेसव्वीस येतो, म्हणजे आतली तार तुटलेली नाही. आरसीसीबी आड आला नसता तर या गीझरने पाणी तापवलंही असतं. न्यूट्रल-अर्थ १८ ओहम. इथे काहीच दिसायला नको होतं. फेज-अर्थ ४५. या शेवटच्या आकड्याने मला खरी मजा आणली. २७ आणि १८ मिळून ४५. म्हणजे फेजकडून निघालात तर अख्खं एलिमेंट ओलांडून न्यूट्रलच्या टोकापर्यंत जावं लागतं आणि तिथून पुढे चोरवाट सुरू होते. बिघाड न्यूट्रलच्या टोकालाच आहे, हे गीझर न उघडताच कळलं.

आता आत काय झालं असेल? एलिमेंट म्हणजे धातूची नळी, तिच्या मधोमध निकेल आणि क्रोमियमच्या मिश्रधातूची, म्हणजे नायक्रोमची, बारीक गुंडाळी, आणि दोघींच्या मध्ये गच्च दाबून भरलेली मॅग्नेशियम ऑक्साइडची पांढरी पूड. ही पूड उष्णता आरपार जाऊ देते आणि वीज अडवते, म्हणूनच एलिमेंट पाण्यात बुडूनही पाण्याला शॉक देत नाही. पण पुडीला ओल मात्र सोसत नाही. नळीला गंजाने केसाएवढी भेग पडली किंवा टोकाचं सील सुटलं की ती पाणी शोषते आणि वीज अडवायचं विसरते.

उघडायचं ठरवलं. त्याआधी मेन बंद, प्लग बाहेर, घरच्यांना ताकीद. एक गोष्ट मात्र मी तेव्हाही केली नाही आणि आजही करत नाही: डीबीच्या आत हात घालणं. आरसीसीबी खाली पाडला तरी त्याच्या वरच्या बाजूला येणाऱ्या तारा जिवंतच असतात. त्या तारांपासून पुढचं काम परवानाधारक माणसाचं. प्लगच्या अलीकडचं, म्हणजे जे पूर्ण सुटं करून हातात घेता येतं, तेवढंच माझं.

पाण्याचा भाग विजेपेक्षा त्रासाचा निघाला. मला वाटलं, गरम पाण्याचा नळ सोडला की टाकी रिकामी होईल. होत नाही. गरम पाण्याची नळी आत टाकीच्या वरच्या टोकापर्यंत गेलेली असते, थंड पाण्याने खालून रेटलं तरच गरम पाणी बाहेर पडतं. गार पाण्याचा व्हॉल्व्ह बंद करून, गरम नळ हवा आत यायला उघडा ठेवून, खालची गार पाण्याची जोडणीच सोडवावी लागली. पंधरा लिटर पाणी, त्यातलं निम्मं बादलीत आणि निम्मं माझ्या बाहीत.

खालचं झाकण काढल्यावर पहिलं काम म्हणजे फोटो. कुठली तार कुठे, थर्मोस्टॅट कसा बसलाय, जास्त तापल्यावर तोडणारा कटआउट कुठे आहे, सगळ्याचे तीन-तीन फोटो. मग तारा सोडवल्या, थर्मोस्टॅटची दांडी ओढून काढली, फ्लँजचे, म्हणजे एलिमेंट ज्या चकतीवर बसतं तिचे, नट सैल केले. नट गंजले होते. त्यांच्यावर तेल सोडून अर्धा तास बसून राहिले. त्या अर्ध्या तासात आपण हे का सुरू केलं असा विचार आल्याशिवाय राहत नाही.

एलिमेंट बाहेर आलं आणि त्याच्याबरोबर ओंजळीभर क्षाराच्या खपल्या खाली पडल्या. जड पाणी तापलं की त्यातला चुना एलिमेंटवर बसतो. त्या थराखाली धातूची उष्णता पाण्याला लवकर मिळत नाही, धातू मात्र जास्त तापतो आणि लवकर मरतो. मागच्या हिवाळ्यात गीझर तापताना करकर आवाज करायचा, त्याचं कारण हे. मी तेव्हा रेडिओचा आवाज वाढवला होता.

त्याच फ्लँजवर एक मॅग्नेशियमची कांडी असायला हवी होती. कांडीच्या जागी शिल्लक होती मधली लोखंडी काडी. ही कांडी गंजण्यासाठीच ठेवलेली असते. मॅग्नेशियम लोखंडापेक्षा लवकर झिजतं, ते झिजत राहिलं तोवर टाकी आणि एलिमेंट वाचतात. ती संपली की गंज पुढचं गिऱ्हाईक शोधतो. आमची कधी संपली कोण जाणे. एलिमेंटच्या एका टोकाशी, जिथे नळी फ्लँजला मिळते, तिथे हिरवट-पांढरा फोड होता. कोणतं टोक ते मी फोटोशी ताडून पाहिलं. न्यूट्रलचं.

नवीन एलिमेंट त्याच वॅटचं आणि त्याच मापाच्या फ्लँजचं घेतलं, शिवाय नवा रबरी गॅस्केट आणि नवी कांडी. जास्त वॅटचं बसवून पाणी लवकर तापवू, हा मोह दुकानातही दाखवला गेला. तार, प्लग, सॉकेट, सगळं २००० वॅटच्या हिशोबाचं असताना आतली एकच वस्तू बदलून जोर वाढवायचा नसतो. बसवण्याआधी टाकीतल्या खपल्या हाताने काढल्या. नट समोरासमोरचे आळीपाळीने थोडे-थोडे आवळले, नाहीतर गॅस्केट एका बाजूला दबून दुसऱ्या बाजूने गळतो.

मग आधी पाणी, नंतर वीज. गरम नळातून फुसफुस थांबून सलग धार येईपर्यंत टाकी भरू दिली. रिकाम्या टाकीत एलिमेंट चालू झालं तर नवं कोरं एलिमेंट काही मिनिटांत जळतं. तासभर कोरडा कागद खाली धरून थेंब पाहिले. पुन्हा पिना मोजल्या: फेज-न्यूट्रल २६.४, बाकी दोन्हीकडे मीटर कोरा. मल्टीमीटर अगदी कमी दाबाने तपासतो, त्यामुळे त्याने दिलेलं 'ठीक' हे पक्कं 'ठीक' नसतं, हे दादाने बजावलं होतं. खरी तपासणी ५०० व्होल्टच्या मेगरने (जास्त दाबाने गळती तपासणाऱ्या मीटरने) होते आणि तो माझ्याकडे नाही. पण मल्टीमीटरने 'बिघाड' म्हटलं तर बिघाड नक्की.

प्लग परत घालणार, तेवढ्यात त्याच्याकडे नीट पाहिलं. फेजची पिन काळवंडलेली, आतला स्क्रू सैल, तारेचं आवरण तपकिरी. हे एक वेगळंच प्रकरण शिजत होतं आणि ते आरसीसीबीला कधीच दिसलं नसतं, कारण त्यात गळती नाही. एमसीबीलाही नाही, कारण करंट जास्त नाही. २००० वॅटला ८.७ ॲम्पिअर लागतात. सैल स्क्रूपाशी अर्धा ओहम रोध जरी आला, तरी ८.७ चा वर्ग गुणिले अर्धा, म्हणजे ३८ वॅट उष्णता त्या शेंगदाण्याएवढ्या जागेत. सोल्डरिंग आयर्न (तारांना डाग द्यायचं हत्यार) एवढ्यावर चालतं. घरात कुठलाही जड प्लग काढताना हाताला गरम लागला तर तो बदलायला हवा, वाट पाहू नये. प्लग मी बदलला. सॉकेटची बाजू वायरमनकडून करून घेतली, आणि साध्या बटणाऐवजी फेज-न्यूट्रल दोन्ही तोडणारा डीपी स्विच बसवून घेतला. आलेला तोच मनुष्य होता. १८ ओहमची गोष्ट त्याला सांगितली तेव्हा त्याने दोनदा विचारली, आणि जाताना म्हणाला, "बायपास केला नाही ते बरं झालं." त्याच्यावर राग धरण्यासारखं काही उरलं नाही.

खरंच बरं झालं. ती भेग एलिमेंटभर फेजच्या टोकाकडे पसरत गेली असती आणि त्याच काळात अर्थिंगची तार कुठे सुटली असती, तर गीझरचं अंग आणि त्यातून येणारं पाणी जिवंत झालं असतं. इस्त्रीने मध्ये मध्ये घर अंधारात टाकलं, तो तिचा उपकारच.

गीझर सुरू केला. पंधरा लिटर पाणी वीस अंशांवरून साठवर न्यायला २००० वॅटला साधारण एकवीस मिनिटं लागतात असा हिशोब काढला होता. बावीस लागली. मग खालच्या सेफ्टी व्हॉल्व्हमधून थेंब पडू लागले आणि माझ्या पोटात गोळा आला. पण ती गळती नव्हती. पाणी तापलं की फुगतं, पंधरा लिटरचं साधारण पाव लिटर जास्त होतं आणि ते तिथूनच बाहेर पडायला हवं. तो व्हॉल्व्ह ठिबकतो म्हणून बुच मारून बंद करणारेही लोक मी पाहिले आहेत. टाकीचा बॉम्ब करायचा असेल तर तो उत्तम उपाय आहे.

या धड्यानंतर अंगात थोडी वीज संचारली आणि मी घरभर मल्टीमीटर घेऊन हिंडले. मंद झालेल्या पंख्याचा कपॅसिटर २.५ मायक्रोफॅरडचा, उरला होता १.४. बदलल्यावर पंखा पूर्वीसारखा फिरला. दहा मिनिटांनी आपोआप बंद पडणारा रूम हीटर उघडलाही नाही, मागची जाळी धुळीने बुजली होती, आत हवा जाईना म्हणून त्याचा कटआउट तोडत होता. ब्रशने झाडला, चालला. बंद केल्यावरही अंधुक पेटणारा जिन्यातला एलईडी दिवा मात्र सुटला नाही. त्याच्या बटणात बारीक इंडिकेटर आहे, त्यातून झिरपणारा करंट एलईडीला पुरतो, असं दादा म्हणतो. बटण बदलायचं राहिलंय. रात्री जिन्यात तेवढा उजेड असावा असं सासूबाईंचं मत आहे.

इस्त्री कपाटावरून खाली आली. आता दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी आरसीसीबीचं 'टी' बटण दाबून तो पडतो का ते पाहते. पहिल्यांदा दाबलं तेव्हा कोणाला सांगितलं नव्हतं. संध्याकाळी कॅलेंडरकडे लक्ष गेलं. तीन आठवडे कोऱ्या राहिलेल्या चौकटींनंतर त्या दिवशीच्या चौकटीत बारीक अक्षरात लिहिलेलं होतं: "१०.२०, सुनेने पाडला."